पाव फेऱ्याचा मान

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी माडावरून पडलो नाही. किहीमपासून चोंढीच्या नाक्यापर्यंत कोणालाही विचारा, तो तुम्हाला 'दत्तात्रेय माडावरून पडला' असंच सांगेल. काही जण माडाची उंचीसुद्धा सांगतील आणि ती दर आठवड्याला वाढलेली असेल. खरी हकीकत अशी, की नारळ पाडणारा तीन महिने 'उद्या येतो' म्हणत होता, म्हणून मी माडावर चढायचं एक यंत्र मागवलं. त्या यंत्रावरून मी चढलो, पाच नारळ पाडले आणि व्यवस्थित खाली उतरलो. मग आपण केवढ्या उंचीवर जाऊन आलो ते बघायला मान वर करून चार पावलं मागे सरकलो. मागे शिंपण्याची जुनी टाकी होती. नऊ फूट खोल आणि कोरडी. ती टाकी माझ्याच वाडीत आहे आणि तिचा नकाशा मी स्वतः काढलेला आहे, त्यामुळे दोष कोणाला द्यायचा हाही प्रश्नच आहे.

मी मोजणी खात्यातून निवृत्त झालो. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, हद्दीचे दगड रोवले, शिव्या खाल्ल्या. चार बोटं बांध सरकला म्हणून भावाभावांनी तीन पिढ्या कोर्टात काढलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यामुळे मुंबईच्या इस्पितळात डॉक्टर आश्लेषांनी फोटो दिव्यावर लावला आणि म्हणाल्या, "काका, नडगीच्या हाडाचा इथे पार भुगा झालाय. साफ केल्यावर अडतीस मिलिमीटर हाड कमी पडणार," तेव्हा मी ते मनातल्या मनात बोटांत मोजलं: दोन बोटं. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या, पण बोलणं तहसीलदारासारखं.

"म्हणजे मी लंगडा होणार?"

"नाही होणार. खालचं तुटलेलं आपण दाबून जोडायचं. आणि वर गुडघ्याखाली, जिथे हाड चांगलं आहे, तिथे मी मुद्दाम कापणार."

"चांगलं हाड कापणार?"

"कापून रोज एक मिलिमीटर ओढायचं. मधल्या फटीत शरीर नवीन हाड भरतं. अडतीस दिवसांत अडतीस मिलिमीटर. मग ते कडक व्हायला काही महिने."

माझी बायको सुचित्रा बँकेत आहे, तिला एवढ्यात सगळं समजलं. मला समजलं नाही. गावाला तर अजून समजलेलं नाही. 'तुटलेला पाय आणखी तोडायला मुंबईला गेला' असं आमचे शेजारी बापू अजून पाहुण्यांना सांगतात.

शुद्धीवर आलो तेव्हा डावा पाय माझा वाटतच नव्हता. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत चार गोल लोखंडी कडी, त्यांतून पायाच्या आरपार गेलेल्या तारा, आणि वरच्या दोन कड्यांमध्ये चार उभ्या सळया. प्रत्येक सळईला एक नट. तो नट दिवसातून चार वेळा, दर वेळी पाव फेरा फिरवायचा, दहा नंबरच्या पान्याने. पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. आठ, बारा, चार, आठ. चारही नट सारखे फिरले पाहिजेत, नाहीतर हाड वाकडं वाढेल. आणि फिरवणं थांबलं तर?

"थांबवायचंच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हाड वेळेआधी जुळलं तर मला परत कापावं लागेल. परत पहिल्यापासून."

हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. पुढे जे झालं त्यात माझा विसरभोळेपणा नव्हता, एवढंच सांगायचंय.

घरी यायला गेटवेवरून मांडव्याची बोट धरली. तपासणीच्या दारातून माझी चाकाची खुर्ची गेली आणि ते दार बोंबलायला लागलं. तिथला शिपाई म्हणाला, "काका, लोखंडी वस्तू काढून ट्रेमध्ये ठेवा."

"काढता येत नाही."

"सगळे असंच म्हणतात."

मी पायावरची चादर बाजूला केली. तो दोन पावलं मागे गेला आणि मला पटकन 'मागे बघा' म्हणावंसं वाटलं. मग त्याने पत्र मागितलं. पत्र होतं, सही होती, शिक्का नव्हता. हा पाय शिक्क्याशिवाय बोटीत जाऊ शकत नाही असं त्याचं मत पडलं. मी स्वतः सरकारी नोकर होतो, मला त्याचं म्हणणं पटलं, पण बोट सुटायला सात मिनिटं होती. शेवटी त्याचा साहेब आला. तो पालीचा निघाला. त्याने पाय सगळ्या बाजूंनी बघितला, च् च् केलं आणि म्हणाला, "एवढं कशाला केलंत? आमच्याकडे एक वैद्य आहेत, बांबूच्या कामट्या बांधतात, सव्वा महिन्यात माणूस नांगर धरतो." मग पत्ता लिहून दिला आणि आम्हाला सोडलं. त्या पत्त्यावर मात्र शिक्का होता.

घरी पँट हा विषय संपला. लेंगा त्या कड्यांवरून जाईना. सुचित्राने दोन लेंगे बाजूने उसवून बटणं लावली, ती बसल्यावर उघडायची. शेवटी मी लुंगीवर आलो. ज्या माणसाने तेहतीस वर्षं इस्त्रीच्या पँटीत बांध तुडवले तो ओटीवर लुंगीत बसला आणि रस्त्याने जाणारा येणारा फाटक उघडून 'बघू, बघू' करत आत यायला लागला. काहींनी पोरांना आणून दाखवलं. एकाने विचारलं, रेडिओ लागतो का याच्यावर.

आता मुख्य प्रश्न नटांचा. सकाळचे आठ आणि रात्रीचे आठ सुचित्रा सांभाळायची. तारांच्या भोवतीची जागा उकळलेल्या पाण्याने पुसायची, नट फिरवायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात बरोबरची खूण करायची. पण दुपारी ती बँकेत. मी स्वतः फिरवू शकत नव्हतो का? दोन सळया पायाच्या मागच्या बाजूला, त्या मला दिसत नव्हत्या. आणि पुढच्या दोन दिसत होत्या हीच अडचण होती. स्वतःच्या नडगीतून आरपार गेलेली तार बघितली की मला गरगरायचं. खोटं कशाला बोलू?

पहिल्याच दिवशी बारा वाजता नीराबाई आली. गेली वीस वर्षं आमच्याकडे मासळी तीच आणते. टोपली ओटीवर टेकवली, पाय बघितला, माझं तोंड बघितलं.

"सायेब, कोन फिरवनार हे?"

"तेच बघतोय."

"त्यात बघायचं काय? मी हाय ना." हात धुऊन आली, पाना घेतला, आणि कोलंबी सोलावी इतक्या सहज चारही नट पाव पाव फिरवले. दुखलं, पण कमी दुखलं. वर तिने टोपलीतून दोन चिंबोऱ्या, चांगले मोठे खेकडे, काढून ठेवल्या. "बाईंना रस्सा करायला सांगा. हिचा नांगा तुटला तरी परत येतोय. तुमचं हाड काय येनार न्हाय?" मला हा युक्तिवाद डॉक्टर आश्लेषांच्या बोलण्यापेक्षा पटकन समजला.

चारचा प्रश्नही सुटला. दयाराम गवंडी बापूंच्या कुंपणाची भिंत बांधत होता. चार वाजता चहाला आला की यायचा. नट फिरवायच्या आधी एक डोळा मिटून सगळी कडी नजरेने पारखायचा आणि म्हणायचा, "वळंब्यात हाय सायेब." म्हणजे अगदी सरळ उभं. मला बरं वाटायचं. खात्यात असताना कोणी माझ्या कामाला वळंब्यात आहे म्हटलं नव्हतं.

असे एकोणीस दिवस गेले. एकोणीस मिलिमीटर. आणि मग बापू दुखावले.

बापूंची वाडी आमच्या वाडीला लागून. ग्रामदेवतेच्या जत्रेत पहिला नारळ त्यांच्या घराचा आणि पालखीचा पुढचा उजवा खांदाही त्यांच्याच घराचा. एके वर्षी त्या खांद्यावर दुसऱ्या एका घराने हक्क सांगितला, तेव्हा निकाल लागेपर्यंत पालखी चिंचेखाली दीड दिवस उभी होती. वाद मिटेपर्यंत पालखीला कोणी हात लावायचा नाही हा आमच्याकडचा रिवाज आहे. तेव्हा मी फार हसलो होतो.

"दत्ता," बापू म्हणाले, "नीरा येते, दयाराम येतो. तो तर माझ्या भिंतीवरून उठून येतो. आणि मी? भिंतीला भिंत लागून राहतो, मला कोणी विचारलं?"

"बापू, ते काय मानाचं काम आहे का? नट आहे तो."

"तुला नट वाटतो. गावाला काय वाटतं ते मला कळतं."

तेवढ्यात सुचित्राचं दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं, नाशिकला. मंगळवारी पहाटे जायचं, गुरुवारी सकाळी परत. तिने बापूंना सांगितलं, सकाळचं आणि रात्रीचं तुम्ही बघा. बापूंचा चेहरा उजळला. आणि बँकेतल्या माणसाला दुहेरी खात्री लागते म्हणून तिने नीराबाईलाही सांगितलं, जरा लक्ष ठेव. इथेच घोळ झाला.

मंगळवारी आठ वाजता बापू आले ते धूतवस्त्र नेसून, हातात उदबत्ती आणि नारळ. मागून नीराबाई पान्याला हात घालायला.

"आज मी आहे," बापू म्हणाले.

"फिरवा की. पन पुढची डावी सळई मी घेते. ती जरा अडते, तिची खोड मला ठावं हाय."

"पुढची माझी. पुढचा मान आमच्या घराचा असतो."

"पालखीत असंल. हितं तीन हप्ते कोन येत व्हतं? अर्धा पाय मी वाढवलाय!"

"अर्धा?" आवाज ऐकून भिंतीवरून आलेला दयाराम म्हणाला. "आनि माझं काय?"

मी 'अहो, अहो' करत होतो. पाय माझा होता, पण त्या ओटीवर माझं मत कोणी विचारेना. शेवटी बापूंनी उदबत्ती कुंडीत खोचली आणि सांगून टाकलं, "निकाल लागेपर्यंत कोणी हात लावायचा नाही." नीराबाई म्हणाली, "नकोच." दयारामला बापूंकडून पगार आणि नीराबाईकडून मासळी, त्यामुळे तो मुकाट भिंतीकडे परतला. पाना बापूंनी देव्हाऱ्यात नेऊन ठेवला, तोंडावर कुंकू लावून.

आणि माझा पाय चिंचेखाली उभा राहिला.

बारा वाजले, कोणी नाही. चार वाजले, दयाराम भिंतीपलीकडे चहा प्यायला आणि त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. मी काठी टेकत देव्हाऱ्यापर्यंत जाऊन पाना काढला, पुढच्या नटाला लावला, तार दिसली आणि पाना खाली ठेवला. शिवाय मागचे दोन कोण फिरवणार? नुसते पुढचे फिरवले तर हाड वाकडं. संध्याकाळी सुचित्राचा फोन आला.

"सगळं वेळेवर चाललंय ना?"

"अगदी," मी म्हणालो.

का म्हणालो देव जाणे. माझ्या पायावरून माझ्याच घरात मानाचा तंटा लागलाय हे मोजणी अधिकाऱ्याने कोणत्या तोंडाने सांगायचं? बुधवारही तसाच गेला. पायात जी एक बारीक ओढ कायम असायची ती नाहीशी झाली. दुखायचं थांबलं. सुरुवातीला आराम वाटला आणि मग शंका आली. दुखत नाही म्हणजे आत जुळायला लागलं की काय? मी ओटीवर बसून जन्मात पहिल्यांदा देवाला 'दुखू दे रे बाबा' म्हणालो.

गुरुवारी सुचित्रा आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने तक्ता बघितला. आठ चौकोन रिकामे.

"अहो, हे काय?"

मी सांगितलं. ती तशीच फाटकात गेली आणि नुसती हाक मारली, "बापू! नीराबाई! दयाराम!" ती हाक मी लग्नाला तीस वर्षं झाली तरी ऐकली नव्हती. तिघं आले. तिने सगळ्यांसमोर डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला.

"आठ वेळा?" डॉक्टर आश्लेषा म्हणाल्या. "आत्ता लगेच सुरू करा. राहिलेले फेरे एकदम भरून काढायचे नाहीत, नेहमीसारखे पाव पावच. शनिवारी फोटो काढायला या. हाड जुळलं असेल तर परत कापावं लागेल. कोण होतं त्यांच्याजवळ?"

बापू खाली बघत होते. नीराबाईने पदर तोंडाला लावला. सुचित्राने पाना घेतला, चारही नट फिरवले, आणि दुखलं. इतकं दुखलं की मला रडू आलं, आणि ते निम्मं आनंदाचं होतं.

"सायेब, माझं चुकलं," नीराबाई म्हणाली. बापूंना ते शब्द जमले नाहीत. ते घरी जाऊन शहाळं घेऊन आले.

मग सुचित्रा माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही! आयुष्यभर गावाच्या हद्दी आखल्यात ना? मग स्वतःच्या पायावर बसून काय बघत होतात?"

हे मला लागलं. त्याच दुपारी मी कागद घेतला, पायाचा नकाशा काढला, सळयांना गट नंबर दिले आणि तिघांना रीतसर नोटीस काढून चार वाजता मोजणीला बोलावलं. वाचून दाखवलं: पुढची डावी सळई, कब्जा नीराबाईचा, वहिवाट सिद्ध. मागची डावी दयारामची. मागची उजवी बापूंची.

"मागची?" बापू म्हणाले.

"पालखीत उजवा खांदा तुमचा. उजवी दिली आहे."

"आणि पुढची उजवी?"

"खातेदार स्वतः," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाना घेतला. तार दिसली, गरगरलं. नीराबाईने माझ्या मनगटाला हात लावला नाही, नुसती म्हणाली, "हळू. कोलंबीगत." मी पाव फेरा फिरवला. तेहतीस वर्षांत अनेक दगड रोवले, एवढा समाधानाचा एकही नाही. तेव्हापासून बारा आणि चारला तिघं येऊन एकेक सळई फिरवायचे, चौथी मी, आणि तक्त्यावर पंचांच्या सह्या व्हायच्या.

शनिवारी मुंबईला तिघंही बरोबर आले. डॉक्टर आश्लेषांनी फोटो दिव्यावर लावला. मला फोटोत काही कळेना, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"जुळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "वाचलात. ही फट बघा, आणि फटीत ही धुक्यासारखी रेघ दिसते का? हे नवीन हाड."

"ह्ये आमी केलं?" नीराबाईने विचारलं.

"तुम्ही सगळ्यांनी," डॉक्टर म्हणाल्या. बापू खिडकीशी गेले आणि खूप वेळ नाक शिंकरत राहिले. दयारामने एक डोळा मिटून तो फोटो पारखला. परतताना गेटवेच्या दाराने बोंब मारली, या वेळी पत्रावर शिक्का होता आणि तो आम्ही चौघांनी मिळून शिपायाला दाखवला.

तक्ता अडतिसाव्या दिवशी भरला. परत फोटो. डॉक्टरांनी पट्टी लावली.

"छत्तीस. दोन मिलिमीटर कमी आहे."

दोन दिवसांचे आठ फेरे. पाव पाव करत दोन मिलिमीटर. हिशोब पक्का होता. तिघांच्या माना खाली गेल्या.

"हवं असेल तर दोन दिवस आणखी फिरवा. नाही फिरवलंत तरी चालेल, एवढा फरक कोणालाच कळत नाही."

"फिरवतो की!" बापू ताठ झाले. "दोन दिवस म्हणजे काय, दोन महिने फिरवू! आणि शेवटचा फेरा नारळ फोडून मीच..."

"शेवटचा तुमी कसा? पयला कोनी फिरवला?" नीराबाई उठून उभी राहिली.

"मधी बोलतो, माफ करा," दयाराम म्हणाला, "पन शेवटाला वळंबा बघायला गवंडीच लागतोय."

डॉक्टर आश्लेषा एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. सुचित्राने कपाळाला हात लावला. आणि मला काय झालं कोण जाणे. ज्या माणसाने बोटभर बांधासाठी लोकांना कोर्टाची पायरी चढवली, त्याच्या तोंडून शब्द आले, "डॉक्टर, राहू दे. दोन मिलिमीटर मी शेजाऱ्यांना सोडले."

पुढचे पाच महिने फिरवायला काही नव्हतं, तरी तिघं बारा आणि चारला कडी बघायला यायचे. मग ती निघाली. नवीन हाड पांढरंशुभ्र आणि भरीव. दयारामने पातळी बघायची पाण्याची नळी आणली, मला ओटीवर उभं केलं, दोन्ही गुडघ्यांना नळीची टोकं लावली आणि बराच वेळ बघत राहिला. "डावीकडं किंचित उतार हाय," तो म्हणाला. "पाणी साचनार न्हाय, बरं हाय."

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी बारा वाजता फाटक वाजलं. तिघंही ओळीने आले, बसले, आणि कोणाला काय करावं ते कळेना. नीराबाईने माझ्या मोकळ्या नडगीकडे बघितलं. बापूंनी दोनदा घसा खाकरला.

"काय न्हाय, सवय," नीराबाई म्हणाली. "बसते जरा." चहा झाला, गप्पा झाल्या, सगळे उठले, तेव्हा मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. एवढी माणसं या पायामुळे दिवसातून दोनदा दारात आली होती. आता कशाला येतील?

डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. म्हणून हल्ली मी रोज बारा वाजता पँट घालून निघतो. आधी बापूंकडे, मग दयाराम जिथे भिंत बांधत असेल तिथे, आणि शेवटी नीराबाईच्या दारात. डाव्या पायावर दर पावलाला दोन मिलिमीटर उतार लागतो. कोणाला कळत नाही, मला कळतो. नीराबाई मला लांबूनच ओळखते आणि आतून ओरडते, "या सायेब, उशीर केलात. बारा वाजून गेले."